तंबूबाहेरचा पिक्चर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि आमच्या औशात प्यायला पाणी नव्हतं. टँकरच्या रांगेत घागरी ठेवून आम्ही बाया लिंबाखाली बसायचो. तिथं ती यायची. कुणाची कोण, मी कधी विचारलं नाही. मला तिचा रागच यायचा.

जत्रेतल्या तंबूत लागलेला पिक्चर मी नवऱ्याबरोबर आत बसून पाहिला होता. पण मी सांगायला लागले की बाया जांभया द्यायच्या. ती बादली पालथी घालून, पदर खोचून वर बसली आणि तोच पिक्चर सांगायला लागली की सगळ्या तिच्याकडं सरकायच्या. नायिकेला घराबाहेर काढताना तिचा आवाज असा बसायचा, की म्हाताऱ्या डोळे पुसायच्या.

"असं काही नाहीच त्यात," मी एकदा फटकन म्हणाले. "तू बघितलायस तरी का?"

"मी कुठं बघितलाय बाई? तंबूच्या भायेर बसून ऐकलाय," ती हसली. "आत गेलं की त्ये दावतेत तेवढंच दिसतंय."

माझे कान तापले. तिनं गोष्ट पुढं चालू केली.

टँकर आला तेव्हा तिची नायिका विहिरीच्या काठावर उभी होती. एकही बाई उठेना. नंबर माझाच पहिला होता. मी ताठ मानेनं घागर भरली, कडेवर घेतली आणि घराकडं निघाले. कोपऱ्यापर्यंत गेलेही.

मग परत फिरले. अख्खा पिक्चर डोळ्यांनी पाहिलेली मी, भरली घागर तशीच धरून तिला विचारत होते, "मग काय झालं गं तिचं?"