जस्टिनाचा साबण आणि लेनाचे केस

शनिवारी दुपारी जस्टिना नॉयडॉर्फ टॉवेल ठेवायला न्हाणीघरात गेली आणि दारातच थबकली. तिची धाकटी मुलगी लेना स्टुलावर बसली होती. डोक्याचा रुमाल मांडीवर होता आणि हातात शिवणाची कात्री.

"ठेव ती खाली," जस्टिना म्हणाली.

लेनाने ठेवली. मग तिने पाठ फिरवली आणि मानेवरचे केस बाजूला केले. आत मुठीएवढा गुंता होता. करडा, मेणचट, मेंढीच्या अंगावरच्या लोकरीसारखा घट्ट बसलेला.

जन्मापासून त्या केसांना कात्री लागली नव्हती. कॅनडाच्या दक्षिण मॅनिटोबातल्या त्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती गावात कुणाच्याच लेकीच्या केसांना लागत नाही. आणि उद्या पेंटेकॉस्टच्या सणाचा रविवार होता, लेनाचा बाप्तिस्मा होता. चर्चमध्ये भरल्या मंडळीसमोर पाळकांची बायको मुलीचा रुमाल सोडते, मग पाळक तिच्या डोक्यावर पाणी ओततात. उद्या रुमालाखाली कापलेले केस निघाले असते, तर गाव आयुष्यभर बोललं असतं.

"कधीपासून आहे हे?"

"बर्फ होतं तेव्हापासून."

"आणि मला आज कळतंय?"

लेना फरशीकडे बघत राहिली.

जस्टिना म्हणजे कोण, हे त्या रस्त्यावरच्या कुठल्याही घरात विचारलं असतं तर एकच उत्तर मिळालं असतं: साबणवाली. दर शरदात डुकरं कापली की चरबी तिच्याकडे यायची. मागच्या स्वयंपाकघरात मोठी कढई चढायची, कॉस्टिक सोडा पडायचा, आणि जस्टिना लाकडी फळीने ढवळत उभी राहायची ती घट्ट होईपर्यंत. कृती तिच्या आईची, कढईही आईचीच. नाताळला प्रत्येक घरी कागदात गुंडाळलेल्या वड्या जायच्या. त्यातच धुणं, त्यातच भांडी, त्यातच डोकी. एकदा एका शेजारणीने नुसतं म्हटलं की वास जरा उग्र आहे. पुढच्या नाताळला तिला साबणही गेला नाही आणि शुभेच्छाही. बाई मनाने वाईट नव्हती. आजारी माणसाच्या घरी सर्वांत आधी सूप घेऊन तीच पोचायची. पण तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, आणि साबणाला नाव ठेवणं म्हणजे तिच्या मेलेल्या आईला नाव ठेवणं होतं.

त्या हिवाळ्यात लेना म्हणाली होती की केस धुतले तरी चिकट राहतात. जस्टिनाने वर न बघताच सांगितलं होतं, "मग जास्त साबण लाव आणि नीट चोळ. हाताला काय झालंय?" लेनाने तेच केलं. केस डोक्यावर गोळा करून, वडी थेट त्यांच्यावर घासून, महिनोन् महिने. जस्टिनाचे स्वतःचे केस आता विरळ झाले होते; ती ते नुसत्या ओल्या फडक्याने पुसून वेणी घालायची.

आता जस्टिनाने बाह्या वर केल्या. गरम पाणी सोडलं, स्वतःची वडी घेतली आणि गुंता चोळायला लागली. फेस येईना. जितकं चोळावं तितका गुंता आवळत होता, बोटांना चरबीसारखं काहीतरी लागत होतं. तिने कंगवा घातला आणि ओढला. लेनाने टॉवेलचं टोक दातांत धरलं. कंगव्याचे दोन दात मोडून गुंत्यातच राहिले. एवढी घाबरलेली ती बऱ्याच वर्षांत नव्हती.

तेवढ्यात मागच्या दाराने सून आली. ग्रेटा, थोरल्या मुलाची बायको. शहरात वाढलेली, तिथल्याच औषधाच्या दुकानात काम करायची. उद्याच्या पाहुण्यांसाठी रुबार्ब घातलेला प्लाट्झ केक भाजून आणला होता. न्हाणीघरात डोकावली आणि ताट तिने तिथेच कपाटावर ठेवलं.

"आई, थांबा. त्याला साबण लावू नका."

"मग काय लावू? थुंकी?"

"साबणानेच झालंय ते."

लेनाने टॉवेल तोंडातून काढला.

"वहिनी, नको," ती हळूच म्हणाली.

"माझ्या साबणाने?" जस्टिना म्हणाली. "माझ्या आईचे केस गुडघ्यापर्यंत होते, पोरी. मरेपर्यंत. कशाने धुवायची ती, तुझ्या दुकानातल्या बाटलीने?"

ग्रेटाला राग आलेला दिसत होता, पण ती वाद घालायला थांबली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने दोन काचेच्या बरण्या घेतल्या. एकीत नळाचं पाणी भरलं. दुसरीसाठी फ्रीझरच्या कडेला साचलेलं हिम चमच्याने खरवडलं आणि ते शेगडीवर वितळवलं. दोन्हींत साबणाचा एकेक तुकडा टाकला, झाकणं लावली आणि सासूच्या हातात दिल्या.

"हलवा."

"उद्या बाप्तिस्मा आहे आणि हिला खेळ सुचतोय."

"हलवा ना आई."

जस्टिनाने रागारागाने हलवल्या. हिमाच्या पाण्याला झाकणापर्यंत पांढराशुभ्र फेस आला. नळाच्या पाण्याला फेस नव्हता. ते नासलेल्या दुधासारखं झालं होतं आणि वर करड्या गुठळ्या तरंगत होत्या. तिने बरणी उजेडात धरली, गुठळ्यांकडे पाहिलं, मग लेनाच्या मानेकडे पाहिलं.

जस्टिनाची आई पन्हळीखालच्या हौदातल्या पावसाच्या पाण्याने केस धुवायची. सगळं गाव तसंच करायचं. गेल्या शरदात खोल विहीर खणली गेली, घरोघरी नळ आले, आणि जस्टिनानेच नवऱ्याला सांगितलं होतं की आता पन्हळ कशाला हवी, पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याला लाव. नव्या विहिरीचं पाणी चुनखडीतून, क्षार घेऊन येत होतं; पावसाच्या आणि हिमाच्या पाण्यात ते नसतात. साबण तोच होता, पण या पाण्यात त्याचं मेण होत होतं, आणि ते मेण पोरीच्या डोक्यात थरावर थर बसलं होतं.

"मग काय करायचं ते सांग," जस्टिना म्हणाली. हे वाक्य तिने सुनेला आजवर कधी म्हटलं नव्हतं.

ग्रेटा अंगण ओलांडून आपल्या घरून एक वडी घेऊन आली. तळहाताएवढी, फिकी, जवळजवळ बिनवासाची. जस्टिनाने ती उलटीपालटी करून हुंगली.

"हाही साबणच आहे."

"नाही. हा घट्ट दाबलेला शाम्पू आहे. घेताना वेष्टनाच्या मागचं वाचायचं. तेल आणि कॉस्टिकचा बनवलेला असेल तर या पाण्यात त्याचंही मेणच होणार, वर शाम्पू लिहिलेलं असलं तरी. हा तसा नाही. पण आधी व्हिनेगर. मेण सुटू दे."

कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून त्यांनी गुंता भिजवला, पुन्हा भिजवला. लेनाच्या डोळ्यांत पाणी गेलं, टाळू आधीच सोलवटलेली, ती कळवळली. मग जस्टिनाने वडी केसांवर टेकवली, आणि ग्रेटाने तिचं मनगट धरलं.

"केसांवर घासायची नाही. हातांवर फेस करा आणि फेस मुळांना लावा, बोटांच्या टोकांनी. केस गोळा करायचे नाहीत, सरळ खाली सोडायचे. खालचे केस जाता जाता धुतले जातात."

जस्टिना सुनेचं ऐकत होती. फेस आला, भरपूर आला, आणि धुतल्यावर बेसिनात करडं पाणी वाहिलं. मग सूर्यफुलाचं तेल चोपडलं आणि दोघी विणकामाच्या सुया घेऊन दोन बाजूंना बसल्या. टोकाकडून सुरुवात, एकेक केस वेगळा करत, वर वर. नवऱ्याने जेवणाचं विचारलं तेव्हा जस्टिनाने त्याला पाव आणि चीज दाखवलं. एका बाजूचा गुंता सुटला, पण मधली गाठ हलेना. सुई घातली की लेनाच्या मानेला कळ जायची.

"काप आई," लेना अखेर म्हणाली. ती रडत होती. "मला आता नाही सहन होत. काप."

कात्री बेसिनच्या कडेवर होती. जस्टिनाने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या क्षणी ती खरोखर उचलणार होती. गावाने काय बोलायचं ते बोलावं. मग तिने बोटांवर पुन्हा तेल घेतलं.

"एकदाच आणखी," ती म्हणाली. "नाही सुटली तर मी स्वतः कापीन, आणि उद्या मंडळीसमोर मीच सांगेन की का कापले."

गाठ सुटायला फार वेळ लागला. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकून गेलं होतं. मोडलेले दोन दात हाताला लागले, मागोमाग तुटलेल्या केसांचा एक पुंजका निघाला, आणि कंगवा मुळापासून टोकापर्यंत एकदाचा खाली गेला. कात्री लागली नव्हती. लेना स्टुलावरून उठली आणि ग्रेटाच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. जस्टिना टॉवेल पिळत होती.

रविवारी पाळकांच्या बायकोने रुमाल सोडला तेव्हा केस कमरेखाली उतरले. बायकांच्या बाकांवर बसलेल्या जस्टिनाने तेव्हा कुठे पाठ टेकली.

दुपारी फास्पाला, म्हणजे रविवारच्या कॉफीपानाला, शेजारणी आल्या. कॉफी, झ्वीबाक पाव, चेरीचा मुरांबा. जस्टिना किटली हातात घेऊन टेबलाशी उभी राहिली. समोरच्या रस्त्यावरची सगळी घरं तिच्यासमोर बसली होती आणि त्या सगळ्या रुमालांखाली आपलंच मेण साचलं असणार, या विचाराने ती रात्रभर झोपली नव्हती.

"एक सांगायचंय. माझा साबण कपड्यांना लावा, फरशीला लावा. डोक्याला लावू नका. नव्या विहिरीच्या पाण्यात त्याचं मेण होतं. मला काल कळलं."

म्हाताऱ्या सारा हार्डरने पाव कॉफीत बुडवला.

"आम्ही नाताळपासूनच लावत नाही, जस्टिना," ती म्हणाली. "शहरातून वड्या आणतो. माझी पिठाच्या डब्यामागे असते. तू आलीस तर दिसू नये म्हणून."

"तुझी?" जस्टिनाने शेजारच्या बाईला विचारलं. ती बशीकडे बघत राहिली. तिसरीनेही मान खाली घातली.

"मग सारामावशी, मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला?" सारा म्हणाली, आणि तिने मुरांबा पुढे ओढला.

म्हणजे आख्ख्या रस्त्यावर त्या हिवाळ्यात एकाच मुलीचं डोकं तिच्या साबणाने धुतलं जात होतं: लेनाचं. बाकीच्यांना वडी लपवायला स्वतःचं घर होतं. जस्टिनाने किटली खाली ठेवली.

पाहुण्या गेल्यावर लेना कपबशा धुवत होती. जस्टिना तिच्या मागे येऊन उभी राहिली.

"माझी एवढी भीती वाटते तुला?"

लेनाने एक कप धुतला, दुसरा धुतला.

"तुला सांगण्यापेक्षा कापून टाकणं सोपं वाटलं, आई," ती म्हणाली.

जस्टिनाने फडकं घेतलं आणि लेकीच्या शेजारी उभी राहून कप पुसायला लागली.