आरतीआधी राहिलेलं गाणं

माझ्या सख्ख्या काकाने माझ्या आईला फसवलं आणि पुढे मलाही. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्याने दोन वावरांमधला धुऱ्याचा, म्हणजे बांधावरचा हद्दीचा दगड सरकवला आणि आमच्या काळ्या मातीची चांगली पट्टी आपल्या वावरात घेतली. गावाला माहीत होतं. कुणी बोललं नाही.

मी मोठा झालो, शेलूबाजारात कापसाचे सौदे करू लागलो आणि गावातली पोरं जमवून एक संगीत नाटक रचलं. त्यातला बाप शेजारणीच्या धुऱ्याचा दगड सरकवतो. घरात मुलीचं लग्न ठरलेलं. खरं बोलावं तर लग्न मोडतं, गप्प बसावं तर घास गिळवत नाही. शेवटी आई गाण्यातून नवऱ्याला सांगते, दगड जागेवर ठेवा. त्या एका गाण्यासाठी सगळा खटाटोप होता.

नाटकातल्या आईचं काम मी काकाच्याच मुलाला दिलं. त्याच्यासारखा गळा गावात दुसरा नव्हता.

"गाणं कोणावर हाय, कळते ना तुले?" मी विचारलं.

"लहानपणापासून कळते," तो म्हणाला. "लुगडं तेवढं चांगलं आण."

नाटक व्हायचं मारुतीच्या देवळाच्या पारावर, आणि पार काकाच्या ताब्यात. त्याने मला बोलावून घेतलं.

"काहून बे, माह्यावर नाटक करून राह्यला?"

"काकाजी, तुमी दगड सरकवला काय? नाही ना? मंग तुमच्यावर कसं?"

तो चरफडला. मग सौदा झाला. दगड सरकवण्याचा देखावा मी गाळायचा, शेवटचं गाणं राहील. मारुतीच्या पायरीवर हात ठेवून त्याने शब्द दिला.

हनुमान जयंतीला पारासमोर जागा उरली नाही. माझी आई बायकांत पुढे बसली होती. चुलतभाऊ लुगडं नेसून शेवटच्या गाण्यासाठी पडद्याआड थांबला होता. तेवढ्यात काका तबक घेऊन उठला आणि त्याने आरती सुरू केली. सगळं गाव उभं राहिलं. आरतीला थांब कोण म्हणणार? मागोमाग प्रसाद वाटला की लोक घरी जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक. मीही दात खात टाळ्या वाजवत होतो.

आरती संपली. पेटीवर मंगरूळच्या मुसलमान शिंप्याचा मुलगा होता. त्याने भात्यावरचा हात काढलाच नाही. आरतीच्या सुरातून तो सरळ आमच्या गाण्यात शिरला. चुलतभाऊ बाहेर आला आणि प्रसादाची परात धरलेल्या बापासमोर उभा राहून गायला:

दगड हलला, धनी, माती नाही हलली,
पेरलं तुमी तरी ती तिचीच उगवली.

"बसा वं बायांनो," मागून एक म्हातारी म्हणाली, "नाटक सरलं नाही अजून." गाव पुन्हा खाली बसलं. काका परात घेऊन उभाच राहिला.

त्या पेरणीला चुलतभावाने आमची पट्टी सोडून आपलं औत जुन्या धुऱ्यापर्यंतच चालवलं. बापाने त्याच्याशी अबोला धरला, तरी पुढच्या पेरणीलाही त्याने तेच केलं. आज त्या पट्टीत आमचा कापूस उभा आहे आणि आई स्वतः वेचायला जाते.

पट्टी मिळाली, मग आता तक्रार कसली, असं लोक मला विचारतात. दगड अजून चुकीच्या जागी आहे. चुलतभाऊ तो हलवू शकतो, मीही हलवू शकतो. आम्ही हात लावणार नाही. काकाजी, तुमी अजून धडधाकट आहा. धुऱ्यावर या, आपल्या हातानं दगड उचला आणि माह्या मायले तोंडावर सांगा, काहून केलं ते.