माझे सैंधवाचे उपवास

"एक कण दिला न्हाय, डॉक्टरसाहेब! लेकरांची आण!" माझी बायको अशी ओरडली की दवाखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, ती थेट येडशीला जाऊन बसली.

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर बोट दाबलं. खळगा असा पडला की त्यात पावशेर ज्वारी मावली असती. "मग सूज उतरायची सोडून चढली कशी? गुर्दे आधीच अधू झालेत यांचे. मीठ कुणीतरी देतंय!"

मी छताचे वासे मोजत होतो.

तेरला मी शिवणकाम करायचो. गुर्दे बिघडले आणि पाय असे फुगले की मशीनचं पायडल त्यांच्याखाली दिसेनासं झालं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, पाणी मापून दिलं. बायकोनं त्याच दिवशी मिठाची बरणी शेजारच्या चाचीकडं नेऊन ठेवली आणि गावभर ताकीद दिली, यांना कुणी चिमूटभर दिलं तर माझ्याशी गाठ आहे!

आठ दिवसांत अळणी वरणानं माझी जीभ लाकडाची झाली. मग मला एकाएकी भक्ती सुटली. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, वर एकादशी नि चतुर्थी. बायको हरखली. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी. आणि उपवासाला मीठ चालत नाही म्हणून सगळ्यात सैंधव. ते देवाचं. त्याला आमच्या घरात कुणी मीठ म्हणतच नसे. मीही आठवण करून दिली नाही.

"खायला काय देता?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं कौतुकानं सगळं सांगितलं.

"सैंधव म्हणजे मीठच की हो, बाई! आणि बटाटा? त्यातला क्षार यांच्या गुर्द्यांना बाहेर टाकता येत नाही. साठला तर काळीज बंद पडेल. मोठ्या शहरांत रक्त धुवायचं यंत्र आलंय म्हणतात, इथं नाही. छातीत पाणी भरलं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

परतताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही. तिला गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली, आणि खरा घाबरलो.

घरी येताच सैंधवही चाचीकडं गेलं. "सगळे वार बंद. देवाला काय सांगायचं ते म्या सांगते." बटाटा घरातून हद्दपार झाला. बाकीची भाजी चिरून उकळायची आणि पाणी फेकायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाजीचं पाणी कधी वाया न घालवणारी ही बाई, रोज दातओठ खाऊन ते उकिरड्यावर ओतायची. मीही तोंडातला घास थुंकायचा नाही, असं ठरवलं. जगायचं, अळणी तर अळणी.

दोन-तीन महिन्यांनी पायाखालचं पायडल पुन्हा दिसलं. त्या आनंदात, एका एकादशीला, मी चुलीजवळ जाऊन हळूच म्हणालो, "आज उपवास धरावा म्हणतो."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"धरा. निर्जळी धरा."