देणगीत न बसणाऱ्या गोष्टी

सई आणि कबीर, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत की शाळेतर्फे फूड बँकेत गरजूंसाठी धान्याची खोकी भरायला गेलो, तर ते दान धरायचं की नाही. मी उत्तर टाळलं, कारण ते द्यायचा अधिकार माझ्या मते एकाच गृहस्थांना होता आणि ते आता नाहीत. म्हणून त्यांच्याविषयीच लिहिते.

तुमच्या आजोबांचे हे मित्र, इथल्या आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. देण्यात इतका सढळ आणि त्याला दान म्हणण्यात इतका कंजूष माणूस सबंध सिंगापुरात दुसरा नव्हता. मंडळाच्या मदतनिधीला पैसे दिले की करात सवलत मिळे, त्यामुळे पावतीला फार मान. पण इथल्या कायद्यात पैसे धरतात, शेअर धरतात, जमीन-इमारतसुद्धा धरतात. कुणी केलेलं काम किंवा आणून दिलेलं घरगुती सामान धरत नाहीत. भाऊजींनी हे एखाद्या व्रतासारखं पाळलं. कुणी जुना फ्रिज दिला, तर ते त्याचं दार उघडून मनापासून कौतुक करत, पण पावती देत नसत. एका डॉक्टरांनी फुकट शिबिर घेतलं आणि पावती मागितली, तर म्हणाले, "डॉक्टर, तुमचा वेळ अमूल्य आहे. मग आकडा काय लिहू?" सार्वजनिक जागेसाठी दिलेलं शिल्प सवलतीत बसतं असं कळल्यावर कुणीतरी चेष्टेने विचारलं, मग गणपतीची मूर्ती का नाही? भाऊजींनी चष्मा पुसत गंभीरपणे विचार केला. "शिल्प उभं राहावं लागतं हो. आपण दहाव्या दिवशी विसर्जन करतो."

स्वतः मात्र दर शनिवारी तोआ पायोहच्या एका वृद्धाश्रमाचे हिशेब फुकट लिहायला जात. मी एकदा म्हटलं, "मग हे दान नाही तर काय?" तर म्हणाले, "याला शनिवार म्हणतात, वहिनी."

मंडळाचा आणखी एक नियम होता: गणपतीच्या शेवटच्या आरतीचा मान देणगीदारांचा. दोन हजार चौदा-पंधराच्या सुमारास मेघना नावाची मुलगी भाऊजींकडे आली. नवरा वन-नॉर्थच्या टेक पार्कमध्ये इंजिनियर, घर बुकित बातोकला. पुण्यात ती नाटकांचे कपडे शिवायची. इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या आश्रिताच्या पासवर आलेली, म्हणून नोकरी नाही. आमच्या मुलांच्या नाटकांचे सगळे कपडे आणि रंगमंचाचा पडदा तिनेच शिवलेला.

"काका, मी देणगीदारांत बसते का?" तिने सरळ विचारलं. "आई-बाबा पहिल्यांदाच येतायत. इथे मी नुसती बसून असते असं त्यांना वाटतं."

"शिवणकाम देणगीत बसत नाही, बाळ," भाऊजी म्हणाले. पण त्यांना ते लागलं. दोन दिवसांनी आमच्या घरी बैठक होती, मेघना आणि तिचा नवराही होते, तिथे ते खुशीत आले. त्यांनी युक्ती काढली होती: मंडळाने मेघनाला शिलाईच्या मजुरीचा चेक द्यायचा, तिने तेवढ्याच रकमेचा स्वतःचा चेक निधीला द्यायचा, म्हणजे ती रीतसर देणगीदार. चेक त्यांनी लिहूनही आणला होता.

मेघनाचा नवरा चेकला हातच लावेना. "काका, हिच्या पासवर पैसे घेऊन काम करता येत नाही. परवानगी नसताना हा चेक घेतला तर दोघंही अडचणीत येऊ. इथे कायम राहण्यासाठी आम्ही पीआरचा अर्ज केलाय."

भाऊजी केव्हाच इथले नागरिक झालेले. पासाचे नियम त्यांच्या ध्यानातच नव्हते. त्यांनी चेक फाडला, आणि मग रद्द केलेला चेक फायलीत ठेवावा लागतो म्हणून तुकडे गोळा करून खिशात घातले. कुणी हसलं नाही.

"राहू दे, काका," मेघना म्हणाली. "पडदा दिसतोच की सगळ्यांना."

शेवटच्या आरतीला ती आई-वडिलांना घेऊन मागच्या रांगेत उभी होती. भाऊजी दरवर्षी निधीला चेक देत, त्यामुळे तबक त्यांच्या हातात आलं. ते घेऊन ते देवाकडे पाठ करून सरळ मागच्या रांगेत गेले आणि मेघनासमोर धरलं.

"काका, नियमात..." आमचे सेक्रेटरी पुटपुटले.

"मान देणगीदाराचा, एवढंच नियमात आहे. त्याने तो कुणाला द्यावा, हे लिहिलेलं नाही."

"म्हणजे ही तुमची देणगीच झाली की," सेक्रेटरी म्हणाले.

"वस्तुरूपात. पावती नको."

मेघनाने आरती केली. तिची आई टाळ्या वाजवायच्या विसरून तिच्याकडेच पाहत होती. भाऊजी खांबाशी उभे राहून नेहमीप्रमाणे दुसऱ्या कडव्याला चुकले.

पुढे ते मुलीकडे पर्थला गेले आणि तिथेच वारले. मेघनाचा पीआर झाला. ती आता एका शाळेत शिवण शिकवते.

मंडळाचा नियम बदललेला नाही. केलेलं काम आणि दिलेलं सामान आजही देणगीत धरत नाहीत. फक्त ज्याने निधीला चेक दिलेला असतो, तो शेवटच्या आरतीला तबक घेऊन मागच्या रांगेकडे जातो.