निळे-पिवळे ठोकळे

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, आणि आता तो ऐकायला राहिला नाही. बहिणीला माहीत नाही. ज्याच्याविषयी आहे त्या माझ्या मुलाला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ अजून टाळ्याला चिकटते.

मी हुशार मुलं शोधायचे. हसू नका, नोकरीच होती ती. कर्वेनगरच्या एका संस्थेत आमचा छोटासा विभाग होता. शाळाशाळांतून आलेल्या चौथीच्या मुलांची आम्ही चाचणी घ्यायचो आणि त्यातल्या मोजक्या मुलांचा शनिवारचा वर्ग भरायचा. दुर्बीण, प्रयोग, मोठ्या शास्त्रज्ञांशी गप्पा, आणि ज्या थंडगार खोलीत चपला बाहेर काढून जायचं तिथले दोन कॉम्प्युटर. सॉफ्टवेअरच्या कंपन्या तेव्हा नुकत्या शहरात येऊ लागल्या होत्या. शाळांतून कॉम्प्युटर प्लास्टिकच्या खोळीत झाकून ठेवत. आमच्याकडे मुलं त्याला चक्क हात लावायची. त्या वर्गासाठी आईबाप देव पाण्यात घालून बसत.

चाचणीत लाल-पांढरे ठोकळे असायचे. प्रत्येक ठोकळ्याच्या काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरप्या रेघेने अर्ध्या-अर्ध्या. मुलासमोर चित्र ठेवायचं, घड्याळ सुरू करायचं, आणि त्याने ठोकळे जुळवून ते चित्र तयार करायचं. अट एकच — मूल ते पहिल्यांदाच बघत असलं पाहिजे. आधी सराव झाला असेल तर सगळंच मुसळ केरात. म्हणून ती पेटी कपाटात, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे.

माझ्याकडे. कळतंय ना, कुठे चाललेय मी?

मिहिर माझा एकुलता एक. चांगला मुलगा होता. चांगला म्हणजे — शांत, समजूतदार, वर्गात मधल्या बाकावरचा. दुसऱ्या एखाद्या आईला त्यात काही खुपलं नसतं. पण मी शेकडो मुलं पाहिली होती, आणि आपल्या घरात जे आहे ते साधं आहे हे मला त्याच्या पाचव्या वर्षीच कळलं होतं. सोनाराने घरचीच अंगठी कसोटीवर घासावी आणि ती पितळेची निघावी, तसं. पोटच्या पोराला पितळ म्हणणारी आई — लिहितानाही लाज वाटते. तेव्हा मात्र लाज वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. ऑफिसात, सोसायटीत जो तो विचारायचा, ‘तुमचा मिहिर यंदा बसणार ना? तुम्हाला काय, घरचंच आहे.’

शेजारी सुताराचं काम चाललं होतं. त्याच्याकडून मी लाकडाचे छोटे ठोकळे कापून घेतले आणि वर घोटीव कागद चिकटवला. निळा आणि पिवळा. लाल-पांढरा का नाही? मिहिरला चाचणीत ओळखू येऊ नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर, मलाही ते ओळखू येऊ नये म्हणून. हा काही चाचणीतला ठोकळा नव्हे, हा आपला घरचा खेळ — असं स्वतःला सांगायला रंग बदलणं पुरलं. माणसाला फसवायला किती थोडं लागतं, विशेषतः ते माणूस आपणच असलो की.

दिवाळीच्या सुट्टीभर आम्ही खेळलो. तो जेवताना खेळायचा, आंघोळीला हाक मारली तरी उठायचा नाही. त्याला तो खेळ फार आवडायचा हो. सुट्टी संपल्यावर मी ते ठोकळे बंबात घातले. ‘हरवले वाटतं,’ असं सांगितलं. तो रडला, आणि मग मुलं विसरतात तसा विसरला.

चाचणीच्या दिवशी मी खोलीबाहेर बसले. आपल्या मुलाची चाचणी आपण घ्यायची नाही असा नियम होता ना, आणि मी नियमांची पक्की. माझी सहकारी बाहेर आली ती डोळे मोठे करून. म्हणाली, असा हात आजवर पाहिला नाही, चित्राकडे धड न बघता लावतो. मी म्हटलं, मला काय माहीत बाई, घरी तर नुसता लोळत असतो.

मिहिर पहिला आला. वर्गाची शेवटची जागा भरली, आणि यादीत त्या जागेच्या लगेच खाली एका मुलीचं नाव राहिलं; मिहिर नसता तर ती आत असती. प्रज्ञा सरवदे.

तिचे वडील आले. टेलिफोन खात्यात होते, अर्धी रजा टाकून, मार्केट यार्डाच्या पलीकडून दोन बस बदलून आले होते. भांडतील म्हणून मी धास्तावले होते. मग चिठ्ठीवरचं आडनाव वाचलं आणि निर्धास्त झाले. हे तक्रार करणार नाहीत, आपल्यासमोर आवाज चढवणार नाहीत, असं मी त्या आडनावावरून ठरवून टाकलं. हेही कबूल करायचंच आहे, तर आत्ताच करते.

त्यांनी आवाज चढवला नाही. समोर बसले आणि म्हणाले, “मॅडम, काय कमी पडलं तेवढं सांगा. घरी करून घेईन मी तिच्याकडून.”

आणि मी म्हणाले, “अहो, ह्याची तयारी करून घेता येत नाही. जे असतं ते असतं.”

बंबातली राख अजून पुरती निघाली नव्हती. तरी हे वाक्य मी म्हणाले, आणि वर समजुतीचं हसले. त्यांनी मान डोलावली. आभार मानले माझे. घरी जाऊन त्यांनी मुलीला काय सांगितलं असेल? माझंच वाक्य सांगितलं असणार, आणखी काय. प्रज्ञाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. ती मिहिरच्याही पुढे गेली असावी असं मी कितीदा मनात आणते, आणि त्यातही माझाच स्वार्थ — तेवढंच ओझं हलकं.

मिहिर पुढे तेच झाला जे तेव्हा सगळ्यांना व्हायचं होतं. इंजिनीअर, हिंजवडी, परदेशाच्या फेऱ्या, बाणेरला घर. तुम्ही म्हणाल, मग बिघडलं काय? बिघडलं ते असं, की जे पहिल्या फटक्यात जमत नाही त्याला तो हात लावत नाही. पोहणं सोडलं, पेटी वाजवणं सोडलं, संशोधनाला जाणार होता ते एका परीक्षेत नापास झाला तेवढ्यावर सोडलं. आपण जन्मजात हुशार आहोत, आणि हुशार माणसाला शिकावं लागत नाही, असं त्याला वाटतं. हे त्याला कुणी पढवलं?

आता त्याची मुलगी ईरा नऊ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात त्याने हौसेने तिची तशीच एक चाचणी करवून घेतली. निकाल आला — सर्वसाधारण. तो रागावला नाही. त्याने कागद घडी करून ठेवला, आणि रविवारी सकाळी तिच्याबरोबर कोडी सोडवत बसायचा ते बंद केलं. एवढंच. ईरा म्हणाली, बाबा मला पुन्हा शिकव ना. मी तिथेच शेंगा सोलत होते. तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “ते शिकवून येत नाही गं. जे असतं ते असतं.”

माझेच शब्द. त्याने ते कधी ऐकले असतील, देव जाणे. घरात मी ते बऱ्याचदा म्हटले असणार.

दुपारी तो झोपल्यावर ईरा माझ्याजवळ आली. हातात तिच्या कोड्यांचा डबा होता. म्हणाली, “आजी, बाबाला खरंच कुणी शिकवलं नव्हतं?”

शेजारच्या खोलीत तो होता. दार उघडं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

“नाही,” मी म्हणाले, “त्याला आपोआप यायचं.”

 तिने डबा माझ्याकडे दिला आणि कपाटावर ठेवून दे म्हणाली, मागे, दिसणार नाही असा. माझा हात पुरेना. मी स्टूल आणलं, चढले, आणि ठेवून दिला.