जखमेची कड

माझ्या पत्नीच्या हातावर उकळतं तेल उडालं, तेव्हा डॉक्टर भाजल्यावरच्या एका नव्या मलमाची चाचणी घेत होत्या. दर सोमवारी त्या जखमेवर पारदर्शक कागद धरून तिची कड पेनाने गिरवायच्या. "तळं आटतंय हो," ही मला म्हणायची, "मासे काढून घ्या." हात पुरता बरा झाला. पुढे काही वर्षांनी ही हृदयविकाराने गेली.

तिने हट्टाने मागून घेतलेले ते कागद आज सापडले. खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले, तर तळ्यात तळं, त्यात आणखी लहान तळं. माझ्या दुःखाची कड कुणी गिरवलेली नाही, त्यामुळे ते आटतंय का, मला कळत नाही.

शेवटचा कागद कोरा आहे. त्यातून अंगणातली जास्वंद दिसते, थोडी धूसर.