प्रश्नांच्या रकान्यातलं शून्य

पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीसाठी मी बुलढाण्यात घरूनच काम करतो. सात जणांची टीम माझ्याकडे आहे. ही माणसं एकमेकांशी मिळून कसं काम करतात, याचा तक्ता दर महिन्याला मी पाठवतो: ग्रुपवर कुणी किती प्रश्न विचारले, किती उत्तरं दिली, एकाचं काम तपासणीसाठी दुसऱ्याकडे किती तास पडून राहिलं. आकडे मी दोनदा मोजतो.

मागच्या वर्षी टीममध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या धाड गावची एक मुलगी आली. सहा महिन्यांनी तिला कायम करायचं की नाही, हे या तक्त्यावर ठरणार होतं. काम चोख, पण प्रश्नांच्या रकान्यात पाच महिने शून्य.

मला खटकलं. कुणालाच न विचारता इतकं चोख काम होत नाही. मी तिला घरी बोलावलं. ती एसटीनं आली. चहा घेताना तिनं सांगितलं, की टीममधल्या, इकडच्याच वरवट बकाल गावच्या सहकाऱ्याला ती रोज फोन करते; तो अडला की तिला करतो. पहिल्या मीटिंगमध्ये ती आपल्या बोलीत बोलली तेव्हा दोघं-तिघं हसले होते. मला ते आठवतही नव्हतं.

"सर, काय इचारावं थे मले समजते," ती म्हणाली. "तुमच्यासारखं बोलून इचारता येत नाही."

माझी बायको माझ्याकडे बघून हसली. "यायले तरी कुठं येत होतं बाई? पुण्यात शिकून आले."

ती गेल्यावर तक्ता उघडला. त्यात माझ्या नावाची ओळच नव्हती. ती घातली आणि पाच महिन्यांतले माझे प्रश्न मोजले. शून्य. पुन्हा मोजले.

सोमवारच्या मीटिंगमध्ये एकानं प्रोग्राममध्ये केलेला बदल मला खरंच कळला नाही. एरवी मी नंतर गुपचूप वाचून काढलं असतं. म्हणालो, "हे असं काऊन केलं, मले समजलं नाही." थोडी खसखस पिकली. मग बदल करणाऱ्यानं समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता त्यालाच त्यातली एक चूक सापडली.

शुक्रवारी तक्ता पाठवला. तिचं शून्य बदललं नाही. खाली लिहिलं, की हा रकाना फक्त ग्रुप मोजतो, फोन मोजत नाही. यावरून तिला नाकारू नये. कंपनीनं मुदत तीन महिने वाढवली, एवढंच.

पुढच्या मंगळवारी ग्रुपवर तिचा प्रश्न आला, तिच्याच बोलीत. उत्तर पुण्याच्या एकीनं दिलं. मी तिच्या नावापुढच्या रकान्यात एक लिहिला.